लॉर्ड एम्सवर्थ, मुक्काम पोस्ट आटपाडी

पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाउस यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1881 रोजी इंग्लंडातल्या गिल्डफर्ड गावी झाला, असं सगळीकडे छापलंय. छापणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, की पत्ता चुकला. हा माणूस आटपाडीला यायचा होता; तिथे अगदीच जागा नसती तर खटावला. इंग्लंडातल्या लोकांना त्याची पात्रं गमतीदार वाटतात, कारण तिकडे तशी माणसं आता उरली नाहीत. आमच्याकडे त्याच्या पुस्तकातलं प्रत्येक माणूस ओळखीचं निघतं. दोघातिघांकडे तर आमचे पैसे येणे आहेत.

मला तो सापडला मिरज जंक्शनवर. मिरजेला त्या काळी तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडून येणारं ब्रॉडगेज, बेळगावकडे जाणारं मीटरगेज आणि कुर्डुवाडीची चिमुकली नॅरोगेज. कुठूनही कुठेही जायचं म्हटलं की मिरजेला गाडी बदलायची, आणि गाडी बदलायची म्हणजे वाट पाहायची. मिरजेच्या फलाटावर माणूस एकतर तत्त्वज्ञ व्हायचा, नाहीतर वाचक. स्टॉलवर रहस्यकथा संपल्या होत्या म्हणून मी एक जुनं नारिंगी पाठीचं पेंग्विन उचललं आणि तिसऱ्या पानावर एवढ्या मोठ्याने हसलो, की शेजारी पथारी टाकून झोपलेले एक गृहस्थ उठून बसले आणि ‘लातूर आली का’ म्हणाले.

माझा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. वाचणारा आहे, म्हणून त्याला मी अजून घरात घेतो. तो म्हणतो, ‘काका, जरा आजचं वाचा. इंग्रजीत विनोदी कादंबऱ्या अजून लिहितात लोक. स्यू टाउनसेंड वाचा, जोनाथन को वाचा.’ वाचलं. टाउनसेंडबाईंचा एड्रियन मोल हा पोरगा मला मनापासून आवडतो. को साहेबांची कादंबरीही उत्तम आहे. पण को वाचताना हसू येतं आणि पाठोपाठ थॅचरबाईंचा राग येतो. मला राग आणायला थॅचरबाई कशाला हव्यात? आमच्याकडे साखर कारखान्याची निवडणूक दर पाच वर्षांनी होते. वुडहाउस वाचून नुसतं हसू येतं, मागे काही उरत नाही, हाच त्याचा मोठेपणा आहे असं माझं मत आहे. राहिला आजचं असण्याचा प्रश्न. वुडहाउस गेला 14 फेब्रुवारी 1975 ला. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात 1975 ची पुस्तकं अजून ‘नवीन आगमन’च्या फळीवर आहेत. आमच्या हिशेबाने तो आजचाच.

आता आटपाडीच का, ते सांगतो.

वुडहाउसचा लॉर्ड एम्सवर्थ, म्हणजे ब्लँडिंग्ज किल्ल्याचा नववा अर्ल, याला आयुष्यात एकच गोष्ट कळते. त्याची डुकरीण. तिचं नाव ‘एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज’, जात बर्कशायर, रंग काळा, आकार फुग्यासारखा. श्रॉपशायरच्या कृषी प्रदर्शनात लठ्ठ डुकरांच्या गटात तिला रुपेरी पदक मिळावं, यापलीकडे लॉर्डसाहेबांना जगाकडून काही नको. बहीण ओरडते, पोरांची लग्नं मोडतात, किल्ल्यात तोतये शिरतात. हा आपला गोठ्याच्या कठड्यावर रेलून तिच्याकडे बघत उभा. शेजारच्या सर गेगरीला, नव्हे, सर ग्रेगरीला (नाव घेतलं तरी जीभ अडखळते, इतका तो लबाड आहे) तिच्यावर मात करायची आहे. ‘समर लाइटनिंग’ या 1929 च्या कादंबरीत एम्प्रेस चोरीला जाते आणि चोर घरचाच निघतो, सख्खा भाचा. हे प्रकरण मी माझ्या पुतण्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलंय.

हे वाचून लंडनचा माणूस म्हणतो, काय कल्पनाशक्ती! आटपाडीचा माणूस म्हणतो, मग पुढं? 2020 साली आटपाडीच्या बाजारात सर्जा नावाच्या माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली. मालकाने दीड कोटी सांगितले आणि मेंढा घरी नेला. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. तिथल्या मेंढ्यांचं नाक पोपटासारखं बाकदार असतं आणि त्या नाकावर किंमत ठरते. देशभरच्या वर्तमानपत्रांनी 70 लाखांचं आश्चर्य केलं. मला आश्चर्य वाटलं नाही. 70 लाखांत सर्जा देऊन घरी परतलेल्या माणसाने संध्याकाळी कठड्यावर रेलून बघायचं कुणाकडे? पैशांकडे? लॉर्ड एम्सवर्थनेही हेच केलं असतं. शिवाय चेक कुठे ठेवला ते तो विसरला असता.

मग सीमेपलीकडच्या मंगसुळीचा गजेंद्र. दीड टनाचा मुऱ्हा रेडा. आमच्या भागातल्या कृषी प्रदर्शनांत तो यायचा तेव्हा ठिबक सिंचनाच्या आणि बियाण्यांच्या स्टॉलवरची पोरं रिकाम्या खुर्च्यांना माहितीपत्रकं वाटत बसायची, कारण सगळा जिल्हा गजेंद्रच्या मांडवात. खिलार बैलांबद्दल तर बोलायलाच नको. खिलारीत चार प्रकार मानतात: आटपाडी महाल, म्हसवड, तापी आणि चौथ्याचं नाव आहे नकली. हे नाव सरकारी कागदांतसुद्धा आहे. स्वतःच्या अस्सल जातिवंत बैलाला शांतपणे ‘नकली’ म्हणणारा समाज वुडहाउसला मिळाला असता, तर त्याने किल्ला विकून म्हसवडला घर बांधलं असतं.

‘फुल मून’ या 1947 च्या कादंबरीत लॉर्डसाहेबांना एम्प्रेसचं तैलचित्र काढून घ्यायचंय आणि एकही चित्रकार मनासारखा मिळत नाही. बहिणीचं म्हणणं, डुकराचं कसलं चित्र? आमच्याकडे हा प्रश्न फ्लेक्सने सोडवला. पुसेगावच्या रस्त्याला बैलाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. मधोमध बैल, गळ्यात हार, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, पंचवीस-तीस. बैलगाडा शर्यतींवरची बंदी 2014 पासून होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये उठवली, त्या रात्री आमच्याकडे फटाके वाजले. त्यानंतर शर्यतीला थार गाडी बक्षीस म्हणून लागायला लागली. बैल थार जिंकतो आणि मग टेम्पोतून घरी जातो. यात विसंगती आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि वुडहाउसची सगळी गंमत नेमकी इथे आहे. त्याच्या माणसांना आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं. ती जीव तोडून, अत्यंत गंभीरपणे, डुकराचं वजन वाढवत असतात.

एम्प्रेसची एक गोष्ट मी एकदा माझ्या मामांना सांगितली. मामा खरसुंडीकडचे. सिद्धनाथाच्या यात्रेत बैलांचे दात बघण्यात हयात गेली. शाळा चौथीपर्यंत, पण ऐकणारा माणूस. या भागाला गोष्ट ऐकायची सवय जुनीच. माडगूळ इथून जवळ, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहिली ती याच मेंढरांच्या मुलखावर. पुढे ते, शंकर पाटील आणि अकलूजचे द. मा. मिरासदार असे तिघं मिळून कथाकथन करीत गावोगाव हिंडले. तेव्हा मामांसमोर इंग्रजी गोष्ट सांगायला मी घाबरलो नाही. घाबरायला हवं होतं.

‘एक लॉर्ड होता,’ मी म्हणालो, ‘त्याची एक डुकरीण होती.’

मामांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. ‘डुकरीन?’

‘हो. पण बर्कशायर जातीची.’

‘जातीची हाय न्हवं? मग सांग.’

‘तिला शास्त्राप्रमाणे रोज 57,800 कॅलरीचं खाद्य लागायचं.’

‘म्हंजी किती पाट्या?’

मला पाट्या माहीत नव्हत्या. वुडहाउसनेही दिलेल्या नाहीत. मामांनी मनातल्या मनात भरडा, सरकी पेंड आणि मक्याचा हिशेब केला आणि ‘चार तरी लागत्याल’ असं म्हणून मला पुढे जायची परवानगी दिली. मी सांगितलं, की प्रदर्शन तोंडावर आलं आणि तिला सांभाळणारा गडी वेलबिलव्हड दारू पिऊन दंगा केल्याबद्दल चौदा दिवस तुरुंगात गेला.

‘लॉर्डानं सोडवला न्हाई?’

‘नाही.’

‘वशिला न्हाई आन् लॉर्ड कसला? बरं, मग?’

‘मग तिने खाणं सोडलं.’

‘सोडनारच,’ मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. ‘डॉक्टर आला आसंल, त्याला कायबी सापडलं नसंल.’

अगदी तसंच होतं गोष्टीत. जनावरांचा डॉक्टर येऊन जातो, त्याला काही सापडत नाही. पुढे लॉर्डाच्या भाचीवर प्रेम करणारा एक रिकामटेकडा तरुण येतो. तो अमेरिकेत नेब्रास्काला शेतावर राहिलेला. त्याचं म्हणणं, डुकराला खायला बोलवायची एक खास हाक असते, रोजची हाक बंद झाली म्हणून ही जेवत नाही. तो ती हाक लॉर्डाला शिकवतो, लॉर्ड ती विसरतो, शेवटी सगळे मिळून गोठ्यापाशी उभे राहून लांबलचक ओरडतात, आणि एम्प्रेस खायला लागते. ही हाक मी मामांच्या ओट्यावर पूर्ण आवाजात मारून दाखवली. मामी आतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या.

गोष्ट संपली. मामा हसले नाहीत. त्यांनी तंबाखूची चिमूट सोडली आणि म्हणाले, ‘खरं हाय. आमची मोरी म्हैस तुझ्या मामीबिगर कुनाला धार देत नव्हती. मामी वारीला गेली आन् म्हैस आटली. तीन दिस थेंब न्हाई. मग म्या काय केलं, मामीचं लुगडं नेसलो, डोईवर पदर घेतला आन् बसलो खाली.’

‘आणि म्हैस फसली?’

‘म्हैस कशाला फसतीया? ती शानी. शेजारचा तुका फसला. कुडावरनं वाकून म्हनला, वैनी, वारीस्नं कवा आलात? दोन शब्द बोलावं लागलं.’

‘काय बोललात?’

‘म्हनलं, आत्ताच.’

मी त्या दिवसापासून वुडहाउसच्या कथानकांना अशक्य म्हणणाऱ्यांशी बोलत नाही.

आटपाडी सांगलीत, खटाव साताऱ्यात; पण सातारा आणि सांगली हे मुळात एकच घर. 1949 साली वाटण्या झाल्या, धाकट्याला ‘दक्षिण सातारा’ मिळालं, आणि 1960 मध्ये त्याने दारावरची पाटी बदलून ‘सांगली’ केली. त्यामुळे ब्लँडिंग्जचा किल्ला नेमका कुणाच्या हद्दीत, यावर दोन्हीकडे दावा होऊ शकतो. किल्ले साताऱ्याकडे जास्त, हे मान्य. पण संस्थानं बघा. इंग्रजांच्या राज्यात इथे मिरज सिनियर आणि मिरज ज्युनियर अशी दोन वेगळी संस्थानं होती. ज्युनियरची राजधानी मिरजेत नव्हतीच, ती बुधगावला. ही रचना वुडहाउसने केलेली नाही, हे मला अजूनही पटत नाही. औंधची गोष्ट वेगळी. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः पहाटे सूर्यनमस्कार घालत आणि सगळ्या संस्थानाकडून घालून घेत. सूर्यनमस्कारावरचं त्यांचं पुस्तक 1938 मध्ये लंडनहून निघालं, आणि औंधच्या संग्रहालयात हेन्री मूरचं शिल्प आहे. एवढ्यावर थांबते तर वुडहाउसने त्यांना उचललं असतं. पण त्यांनी 1939 मध्ये राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. पहाटे उठणारा आणि सत्ता सोडणारा राजा वुडहाउसला झेपला नसता. त्याचे लॉर्ड अकराला उठतात आणि चष्मासुद्धा सोडत नाहीत, हरवतात.

जीव्जचं काय, असं तुम्ही विचाराल. बर्टी वूस्टर हा श्रीमंत, प्रेमळ आणि बिनडोक तरुण. जीव्ज त्याचा नोकर, आणि सगळी अक्कल नोकराकडे. 1915 पासून ही जोडी चालली. आमच्याकडे लंडनसारखे खासगी नोकर नाहीत, म्हणून काही लोकांना वाटतं की जीव्ज आपल्याकडे नाही. त्यांनी कुठल्याही शाळेत जाऊन शिपाईमामांना भेटावं. मुख्याध्यापक येतात नि बदलून जातात. शाळा चालवतात मामा. ‘सर, त्या कपाटाची चावी सापडायची नाही,’ असं मामा हलक्या आवाजात म्हणाले, की शहाणा मुख्याध्यापक कपाटाचा विषय सोडतो.

‘राइट हो, जीव्ज’ या 1934 च्या कादंबरीत एक बक्षीस समारंभ आहे. गसी फिंक-नॉटल हा पाणपाली पाळणारा, फक्त संत्र्याचा रस पिणारा लाजाळू तरुण. त्याच्या रसात कुणीतरी दारू मिसळतो आणि हा शाळेच्या व्यासपीठावर उभा राहून जे बोलतो, ते इंग्रजी विनोदातलं शिखर मानतात. मानू देत. पण गसीला त्यासाठी दारू लागली. आमच्याकडचे प्रमुख पाहुणे तेच काम बिनसाखरेच्या चहावर करतात. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगला मी हजर होतो. पाहुणे स्वतः दहावीला कितीदा नापास झाले, तिथून सुरू झाले. मग त्यांनी नापास होण्याचे फायदे सांगितले. मग पहिल्या आलेल्या मुलीला उभं करून, ‘बाळ, एवढं शिकून काय करणार’ असं विचारलं. मुलं उन्हात, गुरुजी घामात, शाल आणि श्रीफळ टेबलावर कलंडलेलं. मुख्याध्यापकांनी हताशपणे शिपाईमामांकडे बघितलं. मामा सावकाश उठून वर्गांच्या मागे गेले. माईक बंद पडला. मामा परत आले, अदबीने वाकले आणि पाहुण्यांच्या कानात म्हणाले, ‘लाईट गेली सायेब.’ राष्ट्रगीताच्या वेळी लाईट आली.

जीव्जने याहून वेगळं काय केलं असतं? इंग्रजीत ‘सर’ म्हणाला असता, एवढंच.

वुडहाउसबद्दल एक गोष्ट अडचणीची आहे आणि चाहते ती टाळतात. 1940 मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहत होता, जर्मनांनी पकडून नजरकैदेत ठेवला, आणि 1941 मध्ये सुटल्यावर या महाभागाने बर्लिनच्या रेडिओवरून नजरकैदेच्या गमतीजमती सांगितल्या. हिटलरच्या रेडिओवरून! इंग्लंड खवळलं. वाचनालयांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. 1945 मध्ये जॉर्ज ऑर्वेलने त्याची बाजू घेतली, की हा माणूस देशद्रोही नाही, त्याला जग कळतच नाही, तो अजून पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात राहतो. वुडहाउस अमेरिकेला गेला, 1955 मध्ये तिथला नागरिक झाला, आणि मरणाच्या दीड महिना आधी इंग्लंडने त्याला ‘सर’ केलं. माझं मत ऑर्वेलच्या बाजूने आहे, पण थोडं कमी उदार. न कळणं हा गुन्हा नसेल. रेडिओवर जाण्याआधी कुणाला तरी विचारायला काय झालं होतं? जीव्ज लिहिणाऱ्याच्या घरी जीव्ज नव्हता. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि इंग्रजांच्या राज्याला या मातीने पत्री ठोकायला घेतली. साहेबाला इथून घालवण्यात ज्यांचे आजोबा होते, त्या घरांतली नातवंडं आज साहेबाच्या डुकरिणीला पदक मिळावं म्हणून रात्र जागवतात. यात मला काही वावगं दिसत नाही. साहेब गेला, जनावरानं काय केलंय?

गंमत म्हणजे वुडहाउस घराणं आमच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं. त्याचा थोरला भाऊ आर्मिन हा थिऑसॉफिस्ट, कृष्णमूर्तींचा एकेकाळचा शिक्षक, पुण्यात डेक्कन कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक होता. मुळा-मुठेच्या काठी बसून आर्मिन पोरांना कविता शिकवत होता आणि धाकटा तिकडे डुकरांवर लिहीत होता. एक खंबाटकी घाट ओलांडायचा राहिला हो! पण पुण्यात आलेला माणूस पुढे जात नाही, हा अनुभव साताऱ्याला पेशवाईपासूनचा आहे.

लिहिणारा म्हणून तो किती कष्टाळू होता, हे त्याच्या सहजतेमुळे लोकांच्या लक्षात येत नाही. एका कादंबरीच्या कथानकासाठी तो आधी शेकडो पानं नुसत्या नोंदी काढायचा. नव्वदीच्या वर पुस्तकं लिहिली. सगळी चांगली नाहीत. शेवटची काही त्याने झोपेत लिहिली असावीत आणि गोल्फच्या गोष्टी मी सोडून देतो. स्वतःच चेंडू लांब मारायचा आणि स्वतःच तो आणायला चालत जायचं, या खेळाचं मर्म सांगली जिल्ह्यात कुणाला समजावता येत नाही. मी एकदा विट्यात प्रयत्न केला, तर ‘पोरगं ठेवावं की एखादं’ असा सल्ला मिळाला. पण ऐन भरातला वुडहाउस घ्या, 1923 ते 1947 मधला. एका वाक्यात तो थोरामोठ्यांची भाषा सुरू करतो आणि वाक्य संपेपर्यंत ती भाषा चिखलात बसलेली असते. बसताना तिला लागत मात्र नाही. हे शेवटचं फार अवघड. आमच्याकडे भाषेला पाडणारे पुष्कळ झाले, पण बहुतेकांनी तिचा पाय मोडला.

आणि आत्या. वुडहाउसचे वडील हाँगकाँगला मॅजिस्ट्रेट होते, आईही तिकडे, आणि हा पोरगा इंग्लंडात आत्या-मावश्यांच्या घरी वाढला. पुढे त्याने सगळा हिशेब पुस्तकांत चुकता केला. बर्टी वूस्टरला मुख्य आत्या दोन. डालिया आत्या मायाळू, पण आवाज असा की तरुणपणी कोल्ह्यांच्या शिकारीत शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची, ती सवय दिवाणखान्यातही तशीच. अगाथा आत्या म्हणजे कर्दनकाळ. बर्टीने नोकरी करावी, सुधारावं आणि मुख्य म्हणजे लग्न करावं, यासाठी ती टपलेली असते.

मला आत्या दोनच, एक सांगलीला, एक साताऱ्याला. यापुढे वाटणी सांगायची गरज नसावी.

सांगलीची आत्या गावभागात राहते. पावसाळ्यात तिच्याकडे फोन केला तर ‘कसे आहात’ असं कुणी विचारत नाही. ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. आयर्विन पूल 1929 चा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा, आणि आता त्या लॉर्डाचं एकच काम उरलंय, कृष्णेचं पाणी मोजणं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आत्या पहिल्या मजल्यावर होती. बचावाची बोट गल्लीत आली. आत्याने खिडकीतून अशी हाक मारली की पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बोटीही वळल्या. जवान दोर घेऊन खिडकीखाली आले, तर आत्याने दोराला डबा बांधला. भडंग. वर लसणाची चटणी वेगळ्या पुडीत. ‘खाऊन घ्या रे, सकाळपासनं हिंडताय,’ म्हणाली आणि उतरायला नकार दिला, कारण डबा परत यायचा होता.

साताऱ्याची आत्या यादोगोपाळ पेठेत. निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्याकडे गेलं की अजिंक्यताऱ्याकडे बघत बसता येत नाही, पाठीचा कणा ताठ ठेवून तिच्याकडे बघावं लागतं. मोती चौकातून कंदी पेढे नेले तर ‘साखर वाढवायला आलास?’ आणि नाही नेले तर ‘रिकाम्या हाताने आलास?’ गेल्या दिवाळीत तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला मनाई झाली, म्हणून मी तिला जीव्जची एक अख्खी कादंबरी चार संध्याकाळी बसून मराठीत सांगितली. ती डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. एकदाही हसली नाही. बर्टी खिडकीतून उडी मारून पळतो तिथे मी थांबलो, की आता तरी हसेल. ‘पुढे,’ एवढंच म्हणाली. शेवटी मी धीर करून विचारलं, कसं वाटलं?

‘त्या अगाथाबाई तेवढ्या शहाण्या आहेत,’ आत्या म्हणाली. ‘बाकी सगळे बिनकामाचे. तो जीव्ज हुशार आहे, पण त्याने मुलाची सवय बिघडवली. आणि काय रे, तो बर्टी शेवटपर्यंत बिनलग्नाचाच राहिला?’

‘हो. प्रत्येक पुस्तकात लग्न ठरतं आणि मोडतं.’

‘घरचं बरं आहे म्हणालास ना?’

‘बरं म्हणजे, खूपच.’

‘व्यसन?’

‘थोडं. क्लबात जातो.’

आत्याने पट्टी कपाळावर सरकवली. ‘कराडला एक मुलगी आहे. एम. एससी. आहे, बँकेत आहे आणि स्वभावाने खंबीर आहे. त्याची पत्रिका कुणाकडे मिळेल?’